शिरीषने न ऐकताच दिलेला शब्द

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा शिरीष वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज होईल. वय शेहेचाळीस, मूळचा पुण्यातल्या बिबवेवाडीचा, इथे जर्मनीत, वाल्डॉर्फमध्ये येऊन बारा वर्षं झाली. इथल्या प्रसिद्ध मोठ्या कंपनीत नव्हे, तिच्या पलीकडच्या रस्त्यावर शंभरेक माणसांची एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथे कामाला. सकाळी साडेसातला हेल्मेट घालून सायकलवर निघतो, जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला दोनदा 'मॉर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणतो. कुणालाही नाही म्हणता येत नाही, एवढा एकच दोष. तोही बेताचाच होता, फोल्क्सहोखशूलेत नाव घालेपर्यंत.

फोल्क्सहोखशूले म्हणजे मोठ्या माणसांची संध्याकाळची शाळा. तिथे योगासनांपासून मधमाश्या पाळण्यापर्यंत सगळं शिकवतात. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, त्यामुळे बारा वर्षांत शिरीषचं जर्मन बेकरीच्या पुढे गेलेलं नव्हतं. नीता, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "अरे, निदान बोलायचा एखादा क्लास तरी लाव." हा फेब्रुवारीत गेला, तर संभाषणाचे वर्ग भरलेले. काउंटरवरची बाई म्हणाली, गुरुवारी संध्याकाळी एकाच वर्गात जागा आहेत. याने विषय न विचारता सही केली. विषय होता, मध्ययुगातल्या फ्रेंच शूरवीरांच्या कथा: प्रेम आणि कर्तव्य.

दुसरा कुणी परत आला असता. शिरीष तिथे रमला.

हे फ्रेंच वीर म्हणजे आपल्याकडचे शिलेदार समजा. स्वतःचा घोडा, स्वतःचं चिलखत. फरक इतकाच, की आपला शिलेदार मोहिमेवर जायचा आणि यांचा शिलेदार कुणातरी बाईसाहेबांच्या नजरेसाठी जायचा. तिने रुमाल टाकला की हा जंगलात. तिने भुवई उचलली की हा दुसऱ्या जंगलात. एका बाजूला तिच्यावरचं प्रेम, दुसऱ्या बाजूला राजाला नाहीतर भलत्याच कुणाला दिलेला शब्द, आणि मधे हा घोड्यावर बसून उसासे टाकतोय. असल्या गोष्टी शिरीष जिन्यात मला थांबवून सांगायचा. माझ्या हातात दुधाचे कार्टन, पायात चपला. मी म्हणायचे, "अरे, पुढे सांग, मारला की नाही त्याला?" तर म्हणायचा, "ताई, मारण्याला महत्त्व नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते महत्त्वाचं."

मार्चमध्ये त्याने नीताकडे खूण मागितली. त्या गोष्टींमधल्या बाया आपली बाही काढून देतात म्हणे, वीर ती भाल्याला बांधतात. नीता इस्त्री करत होती. ती म्हणाली, "कपाटातली ती हिरवी ओढणी घे, तशीही टाकायचीच आहे." याने ती सायकलच्या हँडलला बांधली. रेल्वेपुलाखाली ओढणी चेनमध्ये गेली, शिरीष झुडपात गेला, आणि गुडघ्याला पट्टी बांधून घरी आल्यावर चेहरा असा, की जणू पदक मिळालंय.

"हा वेडा झालाय का?" मी नीताला विचारलं.

"मला वेळ नाहीये ताई, तो वेडा झालाय का बघायला," ती म्हणाली.

आणि तिला खरंच वेळ नव्हता. नीता दातांची डॉक्टर. पुण्यात सहा वर्षं स्वतःची प्रॅक्टिस केलेली. इथे आली तेव्हा ईप्सिता पोटात होती, मग बाळ, मग किंडरगार्टन, मग जर्मनच्या एकामागून एक परीक्षा. आता शेवटची उरली होती, डॉक्टरांच्या भाषेची. स्टुटगार्टला जायचं, खुर्चीत खोटा पेशंट बसवलेला असतो, त्याला जर्मनमध्ये विचारायचं, काय होतंय, कधीपासून होतंय. मग त्याचा अहवाल लिहायचा, मग दुसऱ्या डॉक्टरला समजावून सांगायचं. एकदा ती नापास झाली होती. रुळांची कामं चालू होती, अर्ध्या वाटेत गाडी सोडून बस, बस सोडून पुन्हा गाडी. पोहोचली तेव्हा दोन मिनिटं शिल्लक आणि दम लागलेला. पेशंटच तिला म्हणाला, "तुम्ही आधी पाणी प्या."

यावेळची तारीख होती अठ्ठावीस जून, शनिवार, सकाळी साडेआठ. पलीकडच्या विसलोखमधल्या एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या दवाखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण सप्टेंबरपर्यंतच. आणि पुढची परीक्षा थेट नोव्हेंबरात. म्हणजे अठ्ठावीसला झालं तर झालं, नाहीतर दुसऱ्या कुणाला ती खुर्ची मिळणार आणि नीता परत इस्त्रीच्या टेबलाशी.

तिला नवऱ्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. रोज संध्याकाळी अर्धा तास पेशंट व्हायचं आणि त्या दिवशी गाडीने स्टुटगार्टला सोडायचं. नीताकडे इथलं लायसन्स नाही. मी चालवते, पण मला ऑटोबानवर, म्हणजे इथल्या सुसाट हायवेवर घातलं तर मी डोळे मिटून घेते.

पेशंट होण्याचा पहिला प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला. शिरीष जेवणाच्या खुर्चीत ताठ बसला.

"गुटेन टाग," नीता म्हणाली. "काय त्रास होतोय आपल्याला?"

"काही नाही," शिरीष जर्मनमध्ये म्हणाला.

"काही नाही, तर आलात कशाला?"

"मला पाठवण्यात आलं आहे."

"शिरीष, दात दुखतोय म्हण."

"दुखतोय. पण वीर आपलं दुखणं बोलून दाखवत नाही."

"मग मी विचारू काय? कार्डावर लिहिलंय, खालचा डावा दात, तीन दिवसांपासून, गार पाणी लागलं की कळ येते. एवढंच म्हणायचंय तुला!"

"खालचा डावा," शिरीष म्हणाला, आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "एका जुन्या द्वंद्वात मार लागला होता."

सोफ्यावरून ईप्सिता म्हणाली, "पापा, दास इस्ट सो पाइनलिश." अकरा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण बापाची लाज वाटते हे सांगायला तिला जर्मनच सापडतं.

तिसऱ्या दिवशी नीताने त्याला पेशंटच्या नोकरीवरून काढलं आणि माझी नेमणूक केली. आता मला कुणी खुर्चीत बसवून काय होतंय ते विचारलं, तर काय होणार? वीस मिनिटांच्या परीक्षेत मी चाळीस मिनिटं घेतली. दातावरून सुरू करून मान, झोप आणि आमच्या दिनकररावांचं घोरणं इथपर्यंत पोहोचले. नीता म्हणाली, "ताई, उत्तम. अगदी असेच पेशंट असतात."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मे महिन्यात त्या वर्गात न ऐकता दिलेल्या वराचा धडा आला.

त्या कथांमध्ये म्हणे ही पद्धतच आहे. दरबारात कुणी येतं, म्हणतं, माझं एक मागणं आहे. राजा किंवा वीर काय ते विचारत नाही. म्हणतो, दिलं. मग मागणारा सांगतो, आणि पाहिजे ते मागतो, कारण शब्द आधीच गेलेला असतो. जितका मोठा माणूस तितका त्याने कमी विचारायचं. शिरीषला हे इतकं आवडलं की त्याने ते आचरणात आणलं. ज्या माणसाला मुळातच नाही म्हणता येत नाही, त्याला कुणी सांगितलं की हा दोष नसून थोरपणा आहे, तर तो कुठे थांबणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ क्रेमर म्हणाल्या, "हेर शिरीष, एक विनंती होती." "दिली!" आठवडाभर त्यांच्या वाटणीचा जिना हा पुसत होता. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मागितलं. दोनदा. एकदा तळघरातलं जुनं कपाट वर आणायला, एकदा आमच्या बाल्कनीच्या कुंड्या हलवायला. तेव्हा मला फार मजा वाटली होती.

जूनच्या पहिल्या मंगळवारी कॉफी मशीनपाशी त्याचा साहेब यॉर्ग म्हणाला, "शिरीष, तुला एक विचारायचं होतं."

"दिलं!"

यॉर्ग दचकला. "अजून विचारलं नाही मी."

"तरी दिलं."

"प्रिमा," यॉर्ग म्हणाला. "अठ्ठावीसच्या शनिवारी गो-लाइव्ह आहे."

गो-लाइव्ह म्हणजे गिऱ्हाइकाचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवं चालू करायचा दिवस. त्या दिवशी कुणीतरी सकाळी सातपासून ऑफिसात बसून लक्ष ठेवायचं असतं.

घरी येऊन शिरीषने नीताला हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, पेशंट म्हणून. नीता भाजीसाठी पांढरे श्पार्गल, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे कोंब, सोलत होती. सोलणं थांबवलं नाही तिने.

"अठ्ठावीसला काय आहे, माहितीय ना?"

"माहितीय."

"मग?"

"शब्द दिला गेला, नीता."

"कुणाला? यॉर्गला? कॉफी घेताना?"

"कुठे दिला याने काय फरक पडतो? शब्द तो शब्द."

"आणि मला दिलेला?"

"तोही आहेच! म्हणून तर हा पेच आहे!"

आणि हे म्हणताना, माझी शपथ, त्याच्या चेहऱ्यावर एक बारीकसा आनंद होता. एकीकडे प्रेम, दुसरीकडे कर्तव्य, मधे शिरीष. चार महिने वाचत होता ते शेवटी त्याच्या वाट्याला आलं होतं. मला त्याच्या डोक्यात चाळणी घालावीशी वाटली.

"यॉर्गला जाऊन सांग, जमणार नाही," मी म्हणाले.

"ताई, दिलेला शब्द परत घेणं म्हणजे..."

"म्हणजे काय? फाशी देणारे का तुला?"

"म्हणजे मी कोण उरतो मग?" तो म्हणाला. "नीता, तू आज्ञा कर. दुसरं काहीही माग. मी न ऐकता..."

"मला वर नकोय," नीता म्हणाली. तिच्या हातातल्या श्पार्गलची एव्हाना काडी झाली होती. "मला आज्ञाही करायची नाहीये. मला ड्रायव्हर हवाय, शिरीष."

त्यानंतर तीन आठवडे ती त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढायची, ईप्सिताच्या शाळेचं काय ते सांगायची, आणि स्वतः पुस्तक घेऊन माझ्याकडे खाली यायची. पहाटेच्या गाडीचं तिकीट तिने काढून ठेवलं. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला विचारूया का?" तर म्हणाली, "विचारलं असतं ताई. पण मग तो मोकळा होतो ना. मी नाही त्याला मोकळं करणार." हट्टात ती त्याच्या मागे नव्हती, आणि परीक्षा मात्र दोघांच्या मधे पडून होती.

शेवटी परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी मीच उठले आणि शिरीषबरोबर वर्गाला गेले. सत्राचा शेवटचा दिवस, पाहुणे चालतात. सात विद्यार्थी, सरासरी वय सत्तर. बाई फ्राउ हेलविग, निवृत्त फ्रेंच शिक्षिका, केस कापसासारखे आणि नजर सुईसारखी. त्या दिवशीची गोष्ट त्यांनी वाचून दाखवली. एका वीराला वाटेत एक परका माणूस भेटतो, म्हणतो, एक मागणं आहे. हा म्हणतो, दिलं. परका म्हणतो, मी परत येईपर्यंत हा पूल राख. आणि जातो. पुलावरून वीराला त्याच्या बाईसाहेबांचा किल्ला दिसतो. एक दिवस किल्ल्याला वेढा पडतो, धूर दिसतो. वीर रडतो, पण पूल सोडत नाही.

"काय माणूस!" एक निवृत्त पोस्टमन म्हणाले. शिरीषचे डोळे भरले होते.

मला राहवलं नाही. माझं जर्मन ऐकून बेकरीतली बाई इंग्रजीत बोलायला लागते, पण मी हात वर केला. "तो परका माणूस गेला कुठे?"

फ्राउ हेलविग यांनी पान उलटलं. "पुढे आहे ते. तो घरी गेला, जेवला, आणि विसरला."

सगळे हसले. शिरीष हसला नाही.

"आणि ती बाई?" मी विचारलं. "ती काय करत होती इतका वेळ?"

"ती किल्ला चालवत होती," फ्राउ हेलविग म्हणाल्या. "वेढा घालणाऱ्यांशी बोलणी तिनेच केली, तह तिनेच केला. मग वर्षाने वीर परत आला. दार उघडलं, हात धुवायला पाणी दिलं, जेवायला बसवलं. आणि तिने त्याला अगदी अदबीने विचारलं, आपलं नाव काय?"

"मग?" शिरीषने विचारलं.

"मग काही नाही. गोष्ट तिथे संपते."

परत येताना त्याने सायकल हातात धरून चालवली. एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती कठीण आहे.

शुक्रवारी चारला त्याने आमची बेल वाजवली. चेहरा पांढरा.

"मी शब्द मोडला, ताई."

"बरं केलंस! काय म्हणाला यॉर्ग?"

"आख सो, म्हणाला. म्हणजे, अच्छा."

"आणि?"

"म्हणाला, मग टोर्स्टन बसेल. तसाही तो येणारच आहे."

"अरे वा!"

"म्हणाला, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, मी फक्त विचारलं होतं." शिरीष आमच्या पायपुसण्याकडे बघत होता. "मी म्हणालो, यॉर्ग, मला फार लाज वाटतेय. तर म्हणाला, मला आता मीटिंग आहे."

तीन आठवडे एका घरात कुणी धड बोललं नव्हतं, नीताचं वजन दोन किलो उतरलं होतं, आणि त्या बाजूला हे सगळं एका 'आख सो'चं काम होतं. मला हसावं की त्याला जिन्यावरून ढकलावं ते कळेना.

वर जाऊन त्याने नीताला सांगितलं. तिने विचारलं, "गाडीत पेट्रोल आहे?" नव्हतं. भरायला गेला.

शनिवारी सहाला आम्ही निघालो. ईप्सिता आदल्या दिवसापासून मैत्रिणीकडे होती. नीता पुढे, मी मागे, पेशंट म्हणून. हाइलब्रॉनच्या अलीकडे श्टाउ लागला, गाड्यांची शेपटी क्षितिजापर्यंत. शिरीषने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," नीता म्हणाली. "उजवीकडून बाहेर काढ. ताई, गार पाण्याने दुखतं की गरम?"

"दोन्हीने," मी म्हणाले. "आणि सासूने फोन केला की."

गावागावांतून, द्राक्षांच्या मळ्यांमधून, दोन ट्रॅक्टरांच्या मागून त्याने गाडी काढली. पंचवीस मिनिटं आधी पोहोचलो. नीता उतरली, केस नीट केले, आणि वळून न बघता आत गेली.

मी समोरच्या बेकरीत बसले. शिरीष बसेना. शेवटी ब्रेझल दाखवून बोलावला, तेव्हा आला.

"ताई, एक सांगू? तो शब्दाबिब्दाचा भाग नव्हता," तो म्हणाला. "मला यॉर्गला नाही म्हणायची भीती वाटते. पहिल्यापासून. इथे आलो तेव्हा व्हिसा कंपनीच्या हातात होता, तेव्हापासून. आता पर्मनंट झालो, तरी तो 'शिरीष' म्हणाला की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. त्या गोष्टींमध्ये या भीतीला छान नाव होतं. मी ते घेतलं."

मी ब्रेझल खाली ठेवलं. मी म्हणाले, "नीताला सांगितलंस हे?"

"नाही."

"वीर दुखणं सांगत नाही म्हणून?"

"लाज वाटते म्हणून."

"मग सांग. मला कशाला सांगतोयस? उद्या अख्ख्या वाल्डॉर्फला कळेल."

साडेदहा वाजून गेल्यावर नीता बाहेर आली. चालण्यावरून काही कळेना. रस्ता ओलांडला, बेकरीच्या दारात उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" आम्ही दोघं एकदम.

"पास."

शिरीष उठला तो खुर्ची पाडूनच. त्याचा एक गुडघा वाकायला लागलेला मी पाहिला. नीतानेही पाहिला.

"शिरीष, इथे नाही. लोक बघतायत."

तिने पहिला फोन विसलोखच्या डॉक्टरीणबाईंना केला, फुटपाथवर उभं राहून, खणखणीत जर्मनमध्ये. दुसरा आईला, पुण्याला. त्यात ती रडली. तेवढ्यात शिरीषने खुर्ची उभी केली आणि बेकरीवाल्या बाईची चार वेळा माफी मागितली. मग नीता येऊन आमच्यात बसली, माझं अर्धं ब्रेझल तिने खाऊन टाकलं.

"गाडीत बसल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय," शिरीष तिला म्हणाला.

"बोल. पण आधी माझं ऐक. एक सप्टेंबरपासून मला सकाळी सातला निघायचंय. ईप्सिताला उठवणं, आवरून शाळेत धाडणं, तिचा डबा, हे सगळं तुझं."

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"साडेसातला मी निघतो. ती किती वाजता निघते?"

"पावणेआठला. म्हणजे तू आठला निघायचंस."

"यॉर्गला सांगावं लागेल," शिरीष म्हणाला. मग म्हणाला, "सोमवारी सांगतो." नीताने त्याच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल.

तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याच्याबद्दल इथेच चार बरे शब्द बोलले असते.

"नीता," त्याने विचारलं, "डब्यात काय लागतं तिला?"

अकरा वर्षांची मुलगी आहे त्याची. अकरा! नीताने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून कागद आणि पेन काढून त्याच्यासमोर ठेवलं, आणि म्हणाले, "लिहून घे."